आधी कोशिंबीर

मराठी घरात कुणाला शुगर निघाली, की रिपोर्टाच्या पाठोपाठ कारलं येतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली असते, रोज चालायला सांगितलेलं असतं, वजन उतरवा म्हणून बजावलेलं असतं. यातलं काहीही सुरू व्हायच्या आत कारलं ओट्यावर हजर. ते नक्की कुणी आणलं याचा पत्ता लागत नाही, कारण सगळेच त्याच्या बाजूचे असतात. समोरच्या काकू, नाशिकचे भावजी, सकाळी फिरायला भेटणारे निवृत्त इंजिनिअर. "उपाशीपोटी अर्धा ग्लास. बाकी काही करू नका. आमच्या मोठ्या दिरांची साडेतीनशेची एकशेदहावर आली." हे मोठे दीर आजवर कुणाला प्रत्यक्ष भेटलेले नाहीत.

यामागचं गणित सरळ आहे. आजार गोडाचा, म्हणून उतारा कडू. लग्नामुंजीत हाणलेली जिलबी, दिवाळीचे बेसनलाडू, सासुरवाडीची बासुंदी, या सगळ्याची उधारी कडू घोटांनी फेडायची. त्यामुळे कारल्याचा रस पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर औषध घेतल्याचा भाव नसतो, प्रायश्चित्त घेतल्याचा असतो. आमच्या घरी शुगर ह्यांना निघाली. पहिल्याच सकाळी रसाचा ग्लास रिकामा करून हे थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि मग प्रसन्नपणे म्हणाले, "आता चहात अर्धा चमचा चालेल."

कारल्यात काहीच नाही असं नाही. चॅरँटिन नावाचं एक द्रव्य त्यात सापडतं, इन्सुलिनसारखं वागणारं एक प्रथिनही सापडतं, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांची साखर त्यानं उतरतेही. माणसांच्या बाबतीत गाडी अडते. कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोग गोळा करून त्यांची छाननी करणारी संस्था. तिनं २०१२ साली कारल्यावरचे प्रयोग तपासले आणि मधुमेहावर कारलं चालतं असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं सांगितलं. भाजी म्हणून ते झकास, याबद्दल वाद नाही. पण आपली भाजी तरी कशी? चिंच घालून, आणि चिंच घातली म्हणून भला थोरला गुळाचा खडा घालून. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. त्या साखरेचं पुढे काय झालं, ती कुणाच्या पोटात गेली, हे कुणी विचारत नाही.

शहरातल्या बऱ्याच बागांच्या फाटकाशी सकाळी रसवाले उभे असतात. कारलं, दुधी, आवळा, बीट, गव्हांकुर. रस छान गाळलेला, घशाखाली सहज उतरणारा. घरीही आपण मिक्सरमधून काढून फडक्यातून पिळतो आणि चोथा कुंडीत टाकतो. भाजीतला शुगरसाठी खरा कामाचा भाग म्हणजे तंतू, आणि तो नेमका त्या चोथ्यात असतो. म्हणजे औषध जास्वंदीला आणि हिरवं पाणी आपल्याला. आमच्या जास्वंदीची शुगर कायम कंट्रोलमध्ये आहे.

दुधीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कडू असणं हा कारल्याचा स्वभाव आहे. दुधी कडू लागला तर त्यात कुकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. अशा दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यावर समिती नेमली आणि कडू दुधीचा रस घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. पण कडू तेवढं गुणकारी, ही समजूत एकदा डोक्यात बसली की माणूस थुंकायच्या ऐवजी नाक दाबून ग्लास संपवतो. आधीच्या पिढीतल्या बायका दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती जिभेला लावून बघायच्या. तेवढं केलं तरी पुरे.

वनस्पतीनं शुगर उतरतच नाही असंही म्हणता येत नाही. ह्यांच्या डबीतल्या मेटफॉर्मिनच्या गोळीचंच बघा ना. युरोपात गलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं झुडूप उगवतं. त्यातल्या द्रव्यांचा माग काढत काढत शास्त्रज्ञ या औषधापर्यंत पोचले आणि १९५७ साली फ्रान्समधल्या झाँ स्टर्न यांनी मधुमेहाच्या रुग्णांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. झुडूप शेंगांच्या कुळातलं, म्हणजे आपल्या मेथीचं लांबचं नातलग. पण तेच झुडूप चरायला मिळालं तर मेंढ्या मरतात. म्हणून तर गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, आणि म्हणूनच कारलं सुरू केलं म्हणून गोळी बंद करणाऱ्यांची मला धास्ती वाटते. असे लोक खूप आहेत, आणि ते डॉक्टरांना सांगत नाहीत.

मग साधी भाजी करते तरी काय? मुख्यतः ती जागा अडवते आणि वाट अडवते.

भाताचं, पोळीचं लहान आतड्यात ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. सोबत गवार, घेवडा, भेंडी असली की तिच्यातला काही तंतू पाणी धरून बुळबुळीत होतो आणि सगळा मामला सावकाश पुढे सरकतो. भेंडीची जी तार आपण आमसूल घालून, ताक घालून मारायला बघतो, ती या कामाची. मेथीदाणे भिजवल्यावर हाताला जो चिकटपणा लागतो, तोही. साखर येते, पण झुंडीनं न येता रांगेत येते आणि बिचाऱ्या स्वादुपिंडाला उसंत मिळते. हे झालं वाट अडवणं. जागेचं म्हणाल, तर शंभर ग्रॅम दोडक्यात जेमतेम तीन-चार ग्रॅम कर्बोदकं, आणि एका मध्यम पोळीत वीसेक. वाडगाभर दोडका खाल्ला तर चौथी पोळी मागताना माणूस क्षणभर विचार करतो. यात जादू कसलीच नाही. कडूपणाचा तर संबंधच नाही, दोडक्यासारखी सौम्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात भाजी दुसरी नसेल.

आता भाजी कशाला म्हणायचं हा प्रश्न येतो, आणि तिथे बटाटा उभा असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते आणि वर स्वच्छ सांगते की त्यात बटाटा धरायचा नाही. हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ह्यांना भाऊबंदकीत कुणाला वाटणीतून वगळल्यासारखं वाटलं. "मग उकडलेल्या बटाट्याची भाजी म्हणजे काय?" म्हणजे अहो, पोळीशी पोळी. वडापावात तर पावाच्या पोटात बटाटा आणि बटाट्याच्या भोवती बेसन, भाजी म्हणायला हिरवी मिरची तेवढी. ती आपण चावून बाजूला ठेवतो.

उलट गाजराला विनाकारण बट्टा लागला. कुठला पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्यानं चढवतो याची पहिली यादी टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि मंडळींनी १९८१ साली केली. ग्लुकोजला १०० गुण, आणि त्या यादीत गाजराला चक्क ९२! डाळी-कडधान्यं तळाशी, गाजर वरच्या वर्गात. पुढे पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा निम्म्याहून खाली आला, पण बदनामी राहिली ती राहिलीच. शिवाय ही मोजणी त्या पदार्थातल्या ५० ग्रॅम कर्बोदकांवर करतात. गाजरातून तेवढी मिळवायची तर एका बैठकीला अर्ध्या किलोहून जास्त गाजरं खावी लागतील. एवढी गाजरं आपण हलव्याखेरीज कशातून खातो? आणि हलव्यात दोष गाजराचा नसतो.

माझ्या मते आपल्या जेवणात गोची भाजीच्या प्रकारात नाही, तिच्या पायरीत आहे. ताट वाढायची आपली रीत किती देखणी! वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, आणि मधोमध भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण, त्यावर तुपाची धार. सगळं जागच्या जागी. पण जेवायला बसलं की सुरुवात कुठून? त्या मुदीपासून. भुकेल्या पोटी पहिला मान वरणभाताला, मग पोळी, मग पुन्हा मसालेभात, शेवटी ताकभात. भाजी तोंडी लावायला. कोशिंबीर तर चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच, तीही पानाला शोभा म्हणून. पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, हात आडवा घातला तरी बोटांमधून वाढतात. पडवळाच्या भाजीचा आग्रह झालेला कुणी ऐकलाय? "अहो घ्या हो, माझी शपथ आहे, एवढं पडवळ घ्याच!"

न्यूयॉर्कमधला एक छोटासा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. मेटफॉर्मिन घेणारे अवघे ११ मधुमेही. जेवण तेच, पाव, संत्र्याचा रस, चिकन, भाज्या. एकदा पाव-रस आधी आणि बाकीचं पंधरा मिनिटांनी. दुसऱ्यांदा भाज्या-चिकन आधी आणि पाव-रस नंतर. भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. काही वगळलं नाही, काही कडू घातलं नाही, नुसता क्रम बदलला. अकरा माणसांवरून जगाला शहाणपण शिकवू नये हे मान्य, पण जपानमध्येही हेच दिसलेलं आहे. आणि मोठ्या दिरांपेक्षा अकरा माणसं केव्हाही बरी.

आमच्या बी विंगमधल्या काकांनी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. त्यांच्या मुलानं त्यांच्या दंडावर तो नवा सेन्सर लावून दिलाय. नाण्याएवढी चकती, दर वेळी बोटाला सुई टोचायची भानगड नाही, दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर. तेव्हापासून काका कुणाच्या घरी खाऊन गेले की तासाभरानं मोबाइल घेऊन परत येतात. "वहिनी, हा बघा तुमचा उपमा." उपमा म्हणजे पडद्यावरची एक रेघ, चांगली वर चढलेली. माझ्या हातच्या स्वयंपाकाला आजवर बरीच नावं ठेवली गेली, पण आलेख काढून कुणी ठेवली नव्हती. एकादशीला कुणाकडची तरी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर आलेखात थेट सिंहगड उभा राहिला, कल्याण दरवाजासकट. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट असतं म्हणून थोडं तरी निभावतं. काकू म्हणाल्या, "उपवासाला खाल्लेलं यंत्रात मोजू नये."

याच काकांनी एक दिवस आधी काकडीची कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ, आणि शेवटी पोळी-भात असं खाल्लं. डोंगराची टेकडी झाली. जेवणानंतर खाली पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या तेव्हा टेकडी आणखी बसली. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. शतपावली सांगणाऱ्यांना आतलं हे गणित ठाऊक नसणार, पण वेळ त्यांनी अचूक धरली होती. शंभर पावलं मात्र कमी पडतात. पंधरा मिनिटांत दीडेक हजार होतात.

सेन्सर नसलेल्यांची तऱ्हा वेगळी. उपाशीपोटीची तपासणी ठरली की आधीचे आठ दिवस घरात एकदम भोपळा, मुगाचं वरण आणि सात्त्विकता. रिपोर्ट बरा येतो आणि येताना मिठाईचं दुकान लागतं. पण आता डॉक्टर एचबीएवनसी करायला लावतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात हिंडलेली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. त्यामुळे श्राद्धाच्या खिरीचा हिशेब दिवाळीनंतरच्या रिपोर्टात निघतो.

"पण मी कुठे जाड आहे?" ही ह्यांची कायमची तक्रार. हात-पाय काडीसारखे, पँटचा पट्टा मात्र दर दोन वर्षांनी एक भोक पुढे. याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघंही सडसडीत, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. आतली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वरून बारीक, आतून लठ्ठ, आणि हा कल जन्मतःच दिसतो असं त्यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडची अडीच-पावणेतीन किलोची बाळंसुद्धा चरबी बरोबर घेऊनच येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले, आणि सगळ्यांत मोठं प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. ह्यांना हे सांगितलं तर एवढंच म्हणाले, "म्हणजे गोव्याला राहायला नको."

इतकं सगळं कळूनही भाजी ताटात का वाढत नाही? मला विचाराल तर कारण एकच, ती निवडायला कोण बसणार? मेथीची जुडी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पालक त्यातल्या त्यात बरा. माठ, चाकवत, शेपू, अंबाडी यांचं माती धुऊन धुऊन पाणी संपतं. हे काम लग्नापासून आजवर घरातल्या बायकांचं, आणि त्यांच्याही हाताला वेळ उरला नाही तेव्हा बटाटा आला. तो निवडावा लागत नाही.

शुगरनं मात्र आमच्या घरात एक क्रांती केली. आहारतज्ज्ञ बाईंनी ह्यांना समोर बसवून रोज एक पालेभाजी सांगितली तेव्हा मी म्हटलं, "आणेन मी, निवडायची तुम्ही." पहिल्या दिवशी टेबलावर पेपर पसरला, चष्मा लावला, टीव्हीवर चर्चा लावली. एकेक पान खुडून स्वतंत्र बघायचं. देठं एका बाजूला, टोकं एका रेषेत. "अगं, हे पिवळं चालेल का?" नाही. "हे अर्धं पिवळं?" अर्धं घ्या. "आणि हे गवत आहे का मेथीच?" बँकेत आयुष्यभर सह्या ताडून पाहिलेला माणूस, त्यामुळे एकही पान तपासणीशिवाय सुटेना. चर्चेतले चारही तज्ज्ञ भांडून घरी गेले तेव्हा कुठे जुडी संपली. पातेलंभर मेथी झाली होती. फोडणीला टाकली, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी हे कढईत डोकावले.

"बाकीची कुठाय?"

"एवढीच."

"एवढी होती ना ती!"

"एवढीच होते. रोज एवढीच होते."

हे काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून पालेभाजी पानात टाकणं बंद झालं. स्वतः निवडलेली मेथी माणूस दोनदा घेतो, हा उपाय कुठल्याही आहारतक्त्यात मी वाचलेला नाही. हल्ली मंडईत मी जुडी उचलली की मागून आवाज येतो, "ती नको, देठं जून आहेत." भाजीवाल्या मावशी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "साहेबांना शुगर हाय का ओ?"

आपल्या पंचांगानंही भाजीला अगदीच डावललेलं नाही, वर्षाकाठी एखाद-दुसरा दिवस तिला यजमानपण मिळतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची एकच मोठी भाजी, मसाले नाहीत, पातेलंच्या पातेलं संपतं. आणि भोगीला तर काय विचारता! वांगी, गाजरं, घेवडा, पावटे, ओला हरभरा, कुणाकडे बोरंसुद्धा, त्यात तिळाचं आणि दाण्याचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. त्या दिवशी वाडग्यानं भाजी खातात आणि भाकरी तिला लावून घेतात. बी विंगच्या काकांनी यंदा भोगीला जेवून मोबाइल दाखवला, रेघ जवळजवळ सपाट. काका इतके खूश, की जाताना भाजी डब्यात घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आमच्याकडे गुळपोळ्यांचा घाट होता. काका दुपारी आले, सेन्सर दंडावर, मोबाइल मात्र घरी विसरलेले. पहिल्या पोळीवर तूप घेताना मला समजावून सांगत होते की तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून साखर हळूहळू चढते. ते तसं खरंही आहे. दुसऱ्या पोळीवरही त्यांनी तेच सांगितलं.